जसा आला तसा फोटो

६ जानेवारी, सोमवार

दोरेवाल्याने यंदाही डायरी दिली. दरवर्षी हिची पानं फाडून मी त्यात बटणं बांधते. यंदा लिहून बघणार आहे, कारण घरात बोलायची सोय राहिलेली नाही. ह्यांना काही सांगावं तर "बरं" म्हणतात. सुनेला सांगावं तर "आई, ते तसं नसतं" म्हणते. मुलगा जहाजावर, त्याला सांगेपर्यंत राग निवून जातो. माझं शिक्षण पाचवीपर्यंत. शुद्धलेखन तपासायला इथे कोणी येणार नाही.

आज एक ब्रा परत आली. खिसा बोटभर खाली गेला होता. पंचवीस वर्षं शिवतेय, माझा खिसा खाली जात नाही. फोटो खराब होता.

ज्यांचं ऑपरेशन होऊन एक छाती काढलेली असते त्या बायकांच्या ब्रा मी शिवते. दुकानातली त्यांना चालत नाही. पट्टा व्रणावर घासतो, रिकामी बाजू वर सरकते आणि बाई चारचौघांत खांदा उडवत ती खाली ओढत बसते. मी आतून खिसा लावते, त्यात पॅड बसतं, आणि पट्टा व्रणाला वळसा घालून नेते. दवाखान्यातल्या नर्सबाई बायकांना माझा पत्ता देतात. पूर्वी जवळपासच्या यायच्या. आता सुनेने इंटरनेटवर पान काढून दिलंय तेव्हापासून लांबलांबच्या येतात. बाईने टेप व्रणाच्या कडेला धरायची, फोटो काढायचा आणि पानावर टाकायचा. चेहरा नको, हे मी ठरवलं. मला चेहरा शिवायचा नाही. पानावर सगळ्यात वर ठळक लिहायला लावलंय: हा फोटो शिवणाऱ्या बाईशिवाय कोणीही बघणार नाही.

सगळं ठीक, पण फोटो येतो तो मरतुकडा. टेपवरचे आकडे पुसट. सुनेला विचारलं तर म्हणाली, "आई, आलेला फोटो मी तसाच ठेवत नाही. त्याच्यावरून नवा बनवून घेते आणि मूळचा टाकून देते. त्यात जरा बारीक होतो."

"टाकून देतेस? गिऱ्हाइकाने दिलेलं मी कधी टाकून दिलंय?"

"आई, ते तसं नसतं."

झालं.

९ जानेवारी

पुन्हा तेच. एका बाईचा फोटो पान घेतच नाही. लाल अक्षरात "हा प्रकार चालत नाही" म्हणून दाखवतं. बिचारीने चारदा कपडे उतरवून चारदा फोटो काढला. फोनवर रडली. म्हणाली, "ताई, माझाच प्रकार चालत नाही असं वाटायला लागलं हो."

माझ्या डोक्याची शीरच उठली. सून कामावरून आली, चपलाही काढल्या नव्हत्या, मी दारातच धरली.

"लाल अक्षरं काढ आधी."

"तिचा फोन नव्या पद्धतीचा फोटो काढतो. ती पद्धत मी यादीत घालते. दोन दिवस द्या."

"यादीबिदी नको. जे येईल ते घे आणि जसं येईल तसं ठेव. इथे कोणाला परत पाठवत नाहीत."

"आई, सगळं आत घ्यायचं नसतं. फोटो म्हणून कोणी दुसरंच काही टाकेल. आणि ते जसंच्या तसं ठेवलं तर सर्व्हर ते चालवायला जाईल."

मी विचारलं, "सर्व्हर म्हणजे आपलं पान ज्या लांबच्या कॉम्प्युटरवर ठेवलंय तोच ना? त्याला काय हातपाय आहेत चालवायला?" हे आतून हसले. ती हसली नाही.

मी म्हटलं, "बायका आपल्या दुखऱ्या जागेचे फोटो पाठवतात. त्या रांगेत चोर कशाला उभा राहील?"

ती म्हणाली, "एक आठवडा द्या. फोटो मोठा राहील आणि तपासणीही राहील, असं नीट करून देते."

आठवडा! एका आठवड्यात किती जणी रडतील. मी म्हटलं, आजच्या आज. नाहीतर तुझं पान बंद कर, मी आपली पोस्टाने कागदावर मापं मागवीन. ती जेवली नाही. मीही वाढलं नाही.

१० जानेवारी

केलं तिने. सकाळी कामावर जायच्या आधी. "तात्पुरतं आहे," असं मशीनकडे बघून म्हणाली, माझ्याकडे नाही. मला काय, मशीनला सांग नाहीतर मला.

दुपारी पहिला फोटो आला. टेपवरची बारीक रेघ न् रेघ दिसते. व्रणाच्या टाक्याची गाठसुद्धा दिसली. अशी गाठ माझ्याकडे शिकाऊ मुलीने घातली असती तर उसवायला लावली असती. डॉक्टरला कोण उसवायला सांगणार.

२१ जानेवारी

काम जोरात. एकही ब्रा परत नाही. मास्तरीणबाईंची दुसरी जोडी आज पाठवली.

मास्तरीणबाई ह्याच शहरात राहतात, पण कारखान्यात येत नाहीत. कारखाना म्हणजे आमची मागची खोली, तीन मशीन आणि मी. त्यांची शाळा आमच्या रस्त्याच्या तोंडाशी. कोणी पाहिलं तर विचारेल, तिथे कशाला गेला होतात. शाळेत कोणाला ऑपरेशनचं माहीत नाही. घरी नवऱ्याला माहीत आहे, पण त्याला त्यांनी एकदाही बघू दिलेलं नाही. हे मला त्यांनी मापाच्या गडबडीत एकदा फोनवर सांगितलं. "ताई, तीन वर्षं मी न्हाणीघरात कपडे बदलते. तुमच्याशिवाय हे कोणी पाहिलेलं नाही. डॉक्टर धरायचे नाहीत, ते माणसात येत नाहीत." मी हसले. त्या पण. पण पार्सलवर काहीही लिहू नका म्हणतात. पानावर मेलचा पत्ता नवऱ्याचाच दिलाय, घरात एकच आहे म्हणे.

सून आज म्हणाली, "आई, रविवारी ते परत नीट लावून टाकते. फोटो मोठाच राहील."

मी म्हटलं, "चालत्या मशीनमध्ये हात घालू नकोस. सुई तुटली तर?"

"हात न घालता तुटली तर?"

फार बोलायला लागलीय.

३ फेब्रुवारी

एक विचित्र ऑर्डर आली. नावाच्या जागी नुसती अक्षरं, लहान मूल हात आपटतं तशी. मापांच्या जागा रिकाम्या. फोटो दाबला तर पांढरं पान. परत दाबला, परत पांढरं. चष्मा पुसून दाबला. काही नाही. ह्यांना बोलावलं. हे म्हणाले, "बाई लाजली असेल, लाइट बंद करून फोटो काढला असेल." मी म्हटलं, तर काळा आला असता.

सुनेला सांगणार होते. पण कालपासून आमचं बोलणं बंद आहे, भाताच्या पातेल्यावरून. पातेल्याचं तिने आधी बोलावं. मी ती ऑर्डर पुसून टाकली. दारू पिऊन भरली असेल कोणीतरी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काल दिवसभर पान रडतखडत चाललं, आज बंदच पडलं. सर्व्हरवाल्या कंपनीचा फोन सुनेला कामावर आला. ती धावत घरी. तिच्या तोंडाचा रंग बघून मला वाटलं मुलाचं काही. तिने आधी तेच सांगितलं, "तो ठीक आहे, आई. बसा."

आपल्या सर्व्हरवरून जगभर हजारो लोकांना घाणेरडे मेल जातायत. आपण पाठवत नाही, आपल्या जागेत बसून दुसरंच कोणी पाठवतंय. म्हणून कंपनीने तो बंद केला.

मी विचारलं, "बसलं कसं? किल्ली कोणाकडे होती?"

"किल्ली लागत नाही."

"फोटो?"

तिने पिशवी खाली ठेवली. मी परत विचारलं, फोटो कुठे आहेत.

"त्याच जागेत होते, आई."

१३ फेब्रुवारी

तपासणीवाला आला होता. सुनेच्या ओळखीचा, हेच काम करतो. काटकुळा माणूस, बिस्किटांचा पुडा एकट्याने संपवला. त्याने सुनेच्या लॅपटॉपवर तोंड खुपसून सगळं बघितलं आणि आम्हाला सांगितलं. मला समजेल असं सांगा म्हटलं तर म्हणाला, "मावशी, फोटो टाकायच्या जागेतून कोणीतरी फोटोचं सोंग घेतलेला प्रोग्राम टाकला. सर्व्हरने तो फोटोसारखा कपाटात ठेवायचा, तर तो हुकूम म्हणून पाळला. हुकूम काय, तर मला घरात घ्या, मी सांगेन ते करा."

म्हणजे शिवायला टाकलेल्या गाठोड्यात माणूस होता. आपण संध्याकाळी बाहेरून कुलूप लावून घरी गेलो.

"फोटो नेले का?"

"सांगता येत नाही. कोण आलं, काय नेलं ह्याची नोंद सर्व्हर ठेवतो. त्यांनी ती पण पुसलीय. मी असतो तर नेले असते."

हे म्हणाले, "शाबास."

मग तो सुनेला म्हणाला, "मॅडम, तुम्ही तर हे काम जाणता. तपासणी होती इथे. फोटो नवा बनवायची सोय होती. चांगलं लिहिलंय. दहा जानेवारीला कोणीतरी काढून टाकलं."

"मी काढलं."

"का?"

"घाई होती. परत लावायचं राहून गेलं."

तो च् च् करत राहिला. "एखादी चमत्कारिक ऑर्डर आली होती का? न उघडणारा फोटो वगैरे? तेव्हाच कळलं असतं तर एवढं झालं नसतं." सून म्हणाली, तिने काही पाहिलं नाही. मला त्याने विचारलं नाही. मी चहा टाकायला उठले.

तिने काढलं हे खरंच आहे. बटणं तिनेच दाबली, मी नाही. मला त्या बटणांतलं काय कळतं? मी ओरडले, पण मी रोजच ओरडते. ह्यांनी कधी माझं ऐकलंय? मग हिलाच काय ऐकायचं सुचलं?

चहात साखर घालायची राहिली. तपासणीवाल्याने तसाच प्यायला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मेल आला. पैसे द्या नाहीतर सगळे फोटो नावापत्त्यासकट बाहेर टाकू आणि ज्या त्या बाईच्या मेलवर तिचा तिचा पाठवू. शुक्रवारपर्यंत. थट्टा नाही हे कळावं म्हणून खाली एक फोटो चिकटवलाय.

सून म्हणाली, "आई, कोणाचा ते कळत नाही."

मला बघताक्षणी कळलं. व्रण काखेकडे वर वळतो आणि तिथे एक तीळ आहे. त्या तिळावर टाका येऊ नये म्हणून मी पट्टा दोनदा उसवला होता. मास्तरीणबाई.

आणि मेल नवऱ्याचा.

मी खुर्चीवर बसले ती उठेचना. माझ्या लेकी नाहीत. ह्या बायका माझ्या कोण, कोणीच नाहीत, पण त्या माझ्यासमोर टेप धरून उभ्या राहिल्यात. मी वाक म्हटलं की वाकल्यात.

हे म्हणाले, "गप्प बस. कोणाला कळलंय अजून? देऊन टाकू पैसे, मशीन विकू. तू नाही सांगितलंस तर कोण सांगणार?" सून म्हणाली, "बाबा, पैसे देऊन फोटो परत येत नाही. त्याची नक्कल त्यांच्याकडे राहतेच. पुढच्या महिन्यात परत मागतील." हे म्हणाले, "तू आता शिकवू नकोस." असं हे तिला कधी बोलले नव्हते.

तेवढ्यात मुलाचा फोन. तिने त्याला कळवलं होतं. फोन तिच्या कानाला, पण त्याचा आवाज मला मशीनपर्यंत ऐकू येत होता. एवढं शिकून, एवढा निष्काळजीपणा, आईचं पंचवीस वर्षांचं नाव. ती नुसती "हो" म्हणत होती. हो. हो. भिंतीचा रंग नखाने काढत होती. मी दोन टाके घातले, तिसरा घालता येईना. उठून फोन हिसकावला.

"तिला बोलू नकोस. मी सांगितलं होतं काढायला. ती नको म्हणत होती."

तिकडे नुसती वाऱ्याची घरघर. मग म्हणाला, "आई?"

"आई काय आई. जेवलास का?" म्हटलं आणि ठेवून दिला.

त्याला गप्प करायला म्हटलं ते. नाहीतर तासभर बोलला असता आणि तासभर मशीन बंद. सून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "बघतेस काय, भिंत खराब केलीस." मग त्या पांढऱ्या पानाच्या ऑर्डरचंही सांगून टाकलं. आता लपवून काय शिवायचंय. तिने डोळे मिटले. "कधी?" म्हणाली. तीन तारखेला. "मला का नाही..." आणि स्वतःच थांबली. पातेल्याचं तिला आठवलं असावं.

१६ फेब्रुवारी

रविवार. पोलीस ठाण्यात गेलो. पोलीसबाई चांगल्या होत्या, पण लिहून घेताना "कसले फोटो" म्हणून मोठ्याने विचारलं, तेव्हा बाकावरचे सगळे वळले. मी म्हटलं, "मापांचे." पोलीसबाईंनी मान वर करून बघितलं आणि पुढचं हळू विचारलं. पैसे देऊ नका म्हणाल्या. ज्यांचे फोटो आहेत त्यांना तुम्हीच आधी सांगा, चोरांकडून कळण्यापेक्षा. सापडतील का विचारलं तर म्हणाल्या, "बघू." डॉक्टर पण असंच "बघू" म्हणतात.

झोप नाही. डोळा लागला की टेपवरचे आकडे दिसतात.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मास्तरीणबाईंकडे गेले. फोनवर नाही सांगणार म्हटलं. ह्यांनी न विचारता स्कूटर काढली. त्यांच्या इमारतीखाली म्हणाले, "मी इथे आहे. कितीही वेळ लागू दे."

बाईंनी दार उघडलं आणि मला बघून आधी जिन्यात डोकावल्या, कोणी पाहिलं का. टेबलावर तपासायचे पेपर. नवरा कामावर. मी उभ्याउभ्याच सांगितलं, कारण बसले असते तर आधी इकडचं तिकडचं बोलले असते. तुमचा फोटो चोरांच्या हातात आहे. शुक्रवारी तुमच्या मेलवर पाठवणार म्हणतात.

त्यांनी लाल पेन्सिल खाली ठेवली. परत उचलली.

"त्या पानावर लिहिलंय, कोणी बघणार नाही."

"लिहिलंय."

"मी ते वाचून टाकला फोटो. मी शिक्षिका आहे, ताई. मी सगळं वाचून मगच सही करते."

मी पेपरांचा ढीग सरळ केला.

"पैसे द्या त्यांना. मी देते. बांगड्या आहेत माझ्या."

पैसे देऊन परत येत नाही, सुनेने सांगितलेलं तेच सांगितलं. माझ्या तोंडून ते खोटं वाटत होतं. त्या ओरडायला लागल्या. सुशिक्षित बाई, वर्गावर ओरडायची सवय, पण हा आवाज वेगळा होता. "तीन वर्षं! तीन वर्षं मी त्या माणसाला लांब ठेवलं. तो बिचारा भिंतीकडे तोंड करून झोपतो. आणि आता त्याच्या आधी कोण कुठला चोर बघून बसलाय. तो त्याच्या खुर्चीत बसून, चहा पीत, मेल उघडणार आणि त्यात मी."

मग म्हणाल्या, "कसं झालं? कोणाची चूक?"

येताना ठरवलं होतं, सर्व्हरची म्हणायचं. सर्व्हरला नवरा नाही, सासू नाही, त्याला काय लागतंय. पण त्या बाई पेपर तपासणाऱ्या. मी म्हटलं, "फोटो स्पष्ट यावा म्हणून मी पानाची तपासणी काढायला लावली. सुनेने नको म्हटलं होतं."

"स्पष्ट यावा म्हणून," त्या म्हणाल्या. असं हसल्या की मला बघवेना. "आला ना स्पष्ट? जा आता तुम्ही."

खाली आले तर हे स्कूटरला टेकून उभे, दोन्ही हातांत दोन हेल्मेटं. म्हणाले, "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, चला.

१८ फेब्रुवारी

काही नाही. फोन नाही. मशीनवर बसले, पट्टा उलटा लावला. उसवला. परत उलटाच लावला. सुनेने रजा घेतलीय. माझ्या शेजारी बसून नवं पान बनवतेय, फोटो न घेणारं. बाईने स्वतः मापं वाचून भरायची, अडलं तर माझ्याशी फोनवर. मी म्हटलं, फोनवर मला चांगलं समजतं. ती म्हणाली, "हो, तुमचा आवाज पण चांगला पोचतो." टोमणा होता. चालेल.

मी विचारलं, चोरांच्या सर्व्हरवर आपल्याला काही टाकता येत नाही का? मग ती पहिल्यांदा हसली, इतक्या दिवसांत.

बाकीच्या बायकांना कधी सांगायचं? ती म्हणते उद्याच. मी म्हणते, मास्तरीणबाईंचं काय होतं ते कळू दे. "कशाला?" म्हणाली. एकीचं ऐकलंय, तेच अजून कानातून जात नाही. तशा किती.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी मास्तरीणबाईंचा फोन. नाव बघून घाईने उचलायला गेले तर फोन पॅडच्या ढिगात पडला, शोधेपर्यंत बंद झाला. मी परत लावला.

"ताई, मोकळ्या आहात?"

"बोला."

"काल अर्ध्या दिवसाची रजा टाकली. त्यालाही कामावरून बोलावून घेतलं. तो धावत आला, त्याला वाटलं कोणी गेलं. मी म्हटलं बस. आणि दाखवलं."

सून लॅपटॉप सोडून माझ्याकडे बघत होती.

"भर दुपार होती. उन्हाची तिरीप नेमकी अंगावर. मी म्हटलं, पडदा ओढू का? तर नको म्हणाला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग?"

"मग काय. बघत होता. मग म्हणाला, अजून दुखतं का. म्हटलं, हात वर केला की. तर म्हणाला, म्हणून तू वरच्या फळीवरचे डबे मला काढायला लावतेस होय, मला वाटलं आळस." त्या हसत होत्या की रडत, मला फोनवरून समजलं नाही. मला वाटलं होतं, समजतं.

मी काहीतरी बोलणार, तर म्हणाल्या, "एक सांगून ठेवते. हे तुमच्यामुळे झालं असं समजू नका. मी माझ्या वेळेला दाखवलं असतं. तुम्ही माझी ती वेळ घेतलीत. तो फोटो आता कुठे कुठे फिरणार, मी मेल्यावरही फिरणार. माझा राग गेलेला नाही."

"नसू दे."

"तुमच्याकडून परत शिवून घेईन की नाही, माहीत नाही."

"बरं."

"शुक्रवारचा मेल आला तर आम्ही दोघं मिळून पुसू. पोलिसांना माझं नाव द्या, हरकत नाही." आणि ठेवला.

मी सुनेला सगळं सांगितलं, राग गेलेला नाही तेही. तिने पाणी आणून दिलं. मग बायकांची नावं काढून बसली, फोन हातात घेतला आणि म्हणाली, "आई, आता उशीर नको. उद्या शुक्रवार. मी करते एकेकीला. मी केलंय, मी सांगते."

"दे इकडे," मी म्हटलं. "त्या मला ओळखतात."

"सगळ्या ओरडतील."

"मला ओरडून घ्यायची सवय नाही, आता होईल. तू फक्त शेजारी बस."

ती खुर्ची ओढून बसली. पहिला नंबर त्याच बाईचा, जिने चारदा फोटो काढला होता. एका घंटीत उचलला.

"अगंबाई, ताई! मीच तुम्हाला करणार होते! अहो, काय बसलीय म्हणून सांगू! काल मी ती घालून बाजारात गेले, बसमध्ये उभी राहिले, दांड्याला हात धरून. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. खांदा एकदासुद्धा ओढला नाही. माझी बहीण म्हणाली, तू तर आधीसारखी चालतेस..."

तिला इतकं बोलायचं होतं की मला मध्ये शिरायला जागा मिळेना. सुनेने माझा दुसरा हात धरला होता. मी बाईला आणखी थोडं बोलू दिलं. मग म्हटलं, "ऐका ना. जरा बसून घ्या. मला तुम्हाला एक सांगायचंय."